साखळीतील दुवे आणि अपिलाची वाट

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांची नावे वृत्तपत्रांत येतात ती बहुधा कुपोषण, पाणीटंचाई आणि स्थलांतर यांच्या संदर्भात. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला आणि तेव्हापासून ही ओळख या प्रदेशाला जणू कायमची चिकटली. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात मात्र मोखाड्याचे नाव अगदी निराळ्या कारणाने गाजले. तालुक्यातील एका फार्महाऊसवर मेफेड्रोन, म्हणजे बाजारात ‘एमडी’ या नावाने विकला जाणारा अमली पदार्थ, तयार करण्याचा कारखाना उघडकीस आणल्याचे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाने जाहीर केले. त्याच महिन्यात नाशिकजवळच्या शिंदे गावातील अशाच एका कारखान्यावर मुंबई पोलिसांनी छापा घातला. त्या खटल्यांच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. तो न्यायालयांचा अधिकार आहे. परंतु या घटनांनी जो प्रश्न पुढे आणला आहे तो एका खटल्यापुरता नाही.

अमली पदार्थांचा व्यापार महानगरांकडून डोंगराळ भागाकडे का सरकतो, हे समजण्यास फार विद्वत्तेची गरज नाही. जव्हार-मोखाड्याला रेल्वे नाही. वस्ती विरळ, पाडे एकमेकांपासून दूर. एका बाजूस नाशिक आणि दुसऱ्या बाजूस ठाणे-मुंबईची बाजारपेठ. दिवाळीनंतर निम्मा गाव वीटभट्ट्यांवर निघून जातो. जो मागे राहतो त्याला मिळेल ते काम हवे असते, आणि काम देणाऱ्याला ‘आत काय चालते’ असे विचारण्याची त्याची प्राज्ञा नसते. अशा ठिकाणी छापा पडला म्हणजे रसायनाचा जाणकार आणि पैसा पुरविणारा यांच्याबरोबर फाटकावरचा राखणदार, पिंपे वाहून आणणारा टेम्पोचालक, स्वयंपाक करणारा गडी आणि जागा भाड्याने देणारा खातेदार हेही संशयाच्या जाळ्यात येतात. त्यांच्याविरुद्ध प्रत्यक्ष पुरावा क्वचितच असतो. असते ती परिस्थिती: तो तेथे होता, जागा त्याच्या नावावर होती, त्याच्या दूरध्वनीवर अमुक व्यक्तीचे कॉल आले होते. या परिस्थितीवरून शिक्षा झाली, तर तिच्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क अशा माणसाच्या हाती खरोखर किती येतो, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याची कठोरता

गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एनडीपीएस कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. १९८९ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला आणि २००१ च्या दुरुस्तीने पदार्थाच्या प्रमाणानुसार शिक्षेची प्रतवारी ठरली. ‘व्यापारी प्रमाण’ गाठले गेले की किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड, अशी ही प्रतवारी आहे. मेफेड्रोनचा समावेश या कायद्याच्या अनुसूचीत २०१५ साली झाला आणि त्याचे व्यापारी प्रमाण अवघे ५० ग्रॅम ठरले. दोषसिद्धी झाल्यावर दहा वर्षांहून कमी शिक्षा देण्याची मोकळीक न्यायाधीशाला उरत नाही. गरिबी, वय, निरक्षरता यांचा विचार त्या मर्यादेच्या वरच काय तो करता येतो.

यापेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे या कायद्यातील गृहीतके. सामान्य फौजदारी खटल्यात आरोपीचा हेतू सरकार पक्षाने सिद्ध करावयाचा असतो. येथे कलम ३५ अन्वये न्यायालय आरोपीची गुन्हेगारी मनोवृत्ती गृहीत धरते आणि ती नव्हती हे दाखविण्याचा भार आरोपीवर पडतो. तोही, कायद्याच्या शब्दांनुसार, वाजवी संशयापलीकडे. कलम ५४ अन्वये ताब्यात माल सापडला आणि समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर गुन्हाच गृहीत धरता येतो. अमली पदार्थांच्या व्यापाराने केलेला विध्वंस पाहता कायदेमंडळाला अशी कठोरता आवश्यक वाटली, यात नवल नाही. पण जेथे शिक्षा कठोर आणि गृहीतके आरोपीच्या विरुद्ध, तेथे मूळ पुराव्याची परीक्षाही तितकीच कठोर असली पाहिजे, हा न्यायाचा साधा हिशेब आहे.

नागपूर, पुणे आणि पुराव्याची साखळी

परिस्थितिजन्य पुराव्याविषयीचा भारतीय कायदा ज्या निकालांवर उभा आहे, त्यांतील काही महत्त्वाचे निकाल मराठी मुलखातून गेलेल्या अपिलांवर दिले गेले, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. पहिले प्रकरण नागपूरचे. जुन्या मध्य प्रांताचे अबकारी आयुक्त हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्यावर सिवनी येथील मद्यार्क कारखान्याच्या ठेक्यासाठी बनावट निविदा तयार करण्याच्या कटाचा आरोप होता. नागपूरच्या विशेष दंडाधिकाऱ्यांनी त्यांना व त्यांच्या सहआरोपीस दोषी ठरविले. सत्र न्यायालयाने कटाचा आरोप रद्द केला, पण बनावटीकरणाची शिक्षा कायम ठेवली. उच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली दोघांनाही निर्दोष ठरविले. परिस्थितीचे तुकडे एकमेकांत बसवीत जाण्यात मनाला एक प्रकारचा आनंद होतो, आणि न बसणारा तुकडा थोडा वाकवून बसविण्याचा मोह होतो, हा एका इंग्रज न्यायाधीशाने १८३८ साली दिलेला इशारा त्या निकालात नव्याने नोंदला गेला. तर्काने पुराव्याची जागा घेता कामा नये, हे त्या निकालाचे सार.

१९७३ साली शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांमधील अंतर फार मोठे असल्याचे बजावले. त्यानंतर १९८४ साली पुण्याच्या एका प्रकरणातून शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा प्रसिद्ध निकाल आला. आरोपीला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली आणि परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे सांगितली. त्यांना त्या निकालातच ‘पंचशील’ म्हटले आहे. ज्या परिस्थितींवरून निष्कर्ष काढावयाचा त्या प्रथम पूर्णपणे सिद्ध झाल्या पाहिजेत. त्या केवळ आरोपीच्या दोषाशीच सुसंगत असाव्यात. त्या निर्णायक स्वरूपाच्या असाव्यात. दोषाखेरीज अन्य कोणतीही संभाव्य उपपत्ती त्यांनी शिल्लक ठेवू नये. आणि पुराव्याची साखळी इतकी पूर्ण असावी की निर्दोषत्वाला वाजवी आधार उरू नये. आरोपीचा खुलासा खोटा ठरला, तरी तो मुळात पूर्ण असलेल्या साखळीत एक जादा दुवा ठरेल. तुटलेली साखळी तो जोडू शकणार नाही, हेही तेथे स्पष्ट झाले.

या दोन प्रकरणांत एक समान सूत्र आहे. दोन्हींत खालच्या सर्व पायऱ्यांवर आरोपी दोषी ठरला होता आणि साखळीतील तुटलेला दुवा दिसला तो शेवटच्या पायरीवर. त्या पायरीपर्यंत पोहोचण्याची साधने त्या आरोपींपाशी होती. ज्याच्यापाशी ती नाहीत, त्याची तुटलेली साखळी कोण तपासणार?

मालकी, ताबा आणि जाणीव

अमली पदार्थांच्या खटल्यांत ही तत्त्वे कशी लागू पडतात? ‘ताबा’ म्हणजे नुसते सान्निध्य नव्हे. वस्तू काय आहे याची जाणीव असलेला ताबा कायद्याला अभिप्रेत आहे. जागेच्या मालकाला किंवा वहिवाटदाराला कलम २५ खाली शिक्षा होते, ती त्याने जागेचा वापर ‘जाणूनबुजून’ होऊ दिला असेल तरच. जव्हार-मोखाड्यात या एका शब्दाला फार मोठा अर्थ आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याची, ही स्थिती आदिवासी भागात नवी नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे सहजासहजी जाऊ नये म्हणून कायद्याने बंधने घातली. तोंडी करारांनी आणि कोऱ्या कागदांवरील अंगठ्यांनी ती अनेकदा निष्प्रभ केली. अशा खातेदाराच्या शेतातील शेडमध्ये माल सापडला, तर सातबारा ही एक परिस्थिती झाली. ती खरी आहे, पण जाणिवेविषयी ती काहीच सांगत नाही.

दूरध्वनीच्या नोंदींचेही तसेच. डोंगराळ मुलखात एका मनोऱ्याच्या कक्षेत अनेक पाडे येतात. त्या मनोऱ्याशी दूरध्वनी जोडला गेला म्हणजे माणूस अमुक इमारतीत होता असे ठरत नाही. शिवाय अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या प्रतीला विहित प्रमाणपत्र जोडलेले असले पाहिजे, हे जालन्याच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पक्के केले. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असली, तरी प्रमाणपत्राची ही आवश्यकता कायम आहे.

कबुलीजबाबाचा प्रश्न याहून नाजूक आहे. या कायद्याखालील तपास अधिकाऱ्यापुढे दिलेल्या कबुलीवर वर्षानुवर्षे शिक्षा होत आल्या. तोफान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या ऑक्टोबरात बहुमताने ठरविले की असे अधिकारी पोलीस अधिकारीच होत आणि त्यांच्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. गृहीतकांविषयी २००८ च्या नूर आगा निकालाने दिलेला इशाराही तितकाच मोलाचा. अमृतसरच्या विमानतळावर हेरॉइनसह पकडल्याचा आरोप असलेल्या त्या अफगाण नागरिकाला दोषी ठरविण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील गृहीतके वैध मानली; पण मूळ तथ्ये, म्हणजे जप्ती, ताबा, नमुने, त्यांवरील मोहोर, सरकार पक्षाने आधी सिद्ध केल्याखेरीज ती लागूच होत नाहीत असे सांगितले, आणि त्या कसोटीवर शिक्षा रद्द केली. गृहीतक हे इमारतीचा मजला आहे, पाया नव्हे, असा याचा अर्थ.

हक्क कागदावरचा आणि हातातला

शिक्षा झाल्यावर उच्च न्यायालयात अपील करण्यास साठ दिवसांची मुदत आहे. पहिल्या अपिलात उच्च न्यायालय केवळ कायद्याचे मुद्दे पाहत नाही. सबंध पुरावा पुन्हा तपासते. म्हणूनच परिस्थितिजन्य पुराव्याच्या प्रकरणात पहिले अपील हे आरोपीवरचे उपकार नसून न्यायदानाचाच उत्तरार्ध आहे. परंतु मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरील राखणदाराच्या दृष्टीने हा उत्तरार्ध कसा दिसतो? तो तुरुंगात, निकालपत्र त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत, कुटुंब वीटभट्टीवर आणि उच्च न्यायालय मुंबईत. जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी ठरलेली असली, तरी निकालपत्रे इंग्रजीत लिहिण्याची सवय गेलेली नाही, आणि उच्च न्यायालयाचे कामकाज तर इंग्रजीतच चालते. वारली किंवा कातकरी बोली बोलणाऱ्याला प्रमाण मराठीही अर्धीच कळते, ही गोष्ट वेगळीच.

याही बाबतीत कायद्याने उत्तर दिलेले आहे आणि तेही महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात. माधव हयवदनराव होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालात, बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या प्रकरणी शिक्षा झालेल्या एका प्राध्यापकाची याचिका चार वर्षांहून अधिक विलंबाने आली होती. निकालाची प्रत वेळेवर मिळाली नाही, असे त्याचे म्हणणे होते. याचिका फेटाळली गेली. पण कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि तत्परतेने मिळालीच पाहिजे, तुरुंगाधिकाऱ्याने ती पोहोचविल्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि ज्याला वकील देणे परवडत नाही त्याला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, असा दंडक न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी घालून दिला. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीची व्यक्ती आणि कोठडीतील कोणतीही व्यक्ती मोफत वकिलास पात्र आहे. म्हणजे जव्हार-मोखाड्यातील प्रत्येक आदिवासी कैद्याला हा हक्क दोन कारणांनी आहे. कैद्याने तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवावे, अशी सोय फौजदारी प्रक्रियेत जुनीच आहे.

अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करण्याचा प्रश्नही महाराष्ट्राच्या प्रकरणातूनच सुटला. १९८९ च्या दुरुस्तीने या कायद्याखालील शिक्षा स्थगित करण्यास मनाई केली होती. दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००० सालच्या निकालात, न्यायालयाचा स्थगितीचा अधिकार हिरावून घेण्यापुरती ती तरतूद घटनाबाह्य ठरली. अपिलाची सुनावणी होईपर्यंत शिक्षाच भोगून संपणार असेल, तर अपील हा निव्वळ उपचार उरतो, हे त्यामागील व्यावहारिक सत्य आहे. मात्र स्थगितीसाठीही कलम ३७ च्या कडक अटी पाळाव्याच लागतात. त्यामुळे अपील लवकर सुनावणीस येणे हाच खरा दिलासा.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

असे म्हटले जाईल की, एमडीने शहरांतील कोवळी मुले उद्ध्वस्त होत असताना आरोपींच्या हक्कांची एवढी काळजी कशासाठी? तांत्रिक उणिवांचा आधार घेऊन बडे गुन्हेगार सुटतात आणि पोलिसांचे श्रम वाया जातात, हे लोकांचे दुःख खोटे नाही. बोबडे निकालात न्यायालयानेच संशयाच्या फायद्याचा अतिरेक करू नये असेही सांगितले होते, आणि तेथील शिक्षा कायम ठेवली होती. मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यासमक्ष घेण्याविषयीच्या कलम ५२-अ चे प्रत्येक उल्लंघन खटला आपोआप मोडीत काढत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीतही स्पष्ट केले आहे. न्यायालये डोळे झाकून कोणाला सोडत नाहीत.

पण ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा वकील प्रत्येक उणीव शोधून काढतो. ज्याच्याकडे नाही त्याची तुटलेली साखळीही अखंड समजली जाते. परिणामी कारखान्याचा धनी सुटण्याची आणि फाटकावरचा राखणदार दहा वर्षे आत राहण्याची शक्यता निर्माण होते. अशा न्यायाने अमली पदार्थांचा एक ग्रॅमही कमी होत नाही. राखणदार दुसरा मिळतो. निष्काळजी तपास आणि निष्काळजी बचाव या दोहोंचा लाभ अखेर एकाच माणसाला होतो, तो म्हणजे पडद्यामागच्या व्यापाऱ्याला.

करता येण्याजोगे

यावरील उपायांसाठी नवा कायदा नको. असलेल्या कायद्याची अंमलबजावणी हवी. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे केले आहे. दुर्गम भागातील छाप्यात ते काटेकोरपणे झाले, तर पोलिसांवरील संशयही टळेल आणि कोण फाटकावर होता व कोण भट्टीजवळ, हेही दिसेल. शिक्षा झालेल्या प्रत्येक कैद्याला निकालाचा गोषवारा त्याला कळेल अशा बोलीत समजावून सांगणे आणि साठ दिवसांच्या आत विधी सेवा समितीच्या वकिलाने त्याची प्रत्यक्ष भेट घेणे, हे तुरुंग प्रशासनाचे व विधी सेवा प्राधिकरणाचे नित्यकर्म झाले पाहिजे. वकिलांना मिळणारे मानधन असे असावे की साक्षीपुरावा वाचण्याचे श्रम त्यांनी मनापासून घ्यावेत. किमान शिक्षा दहा वर्षांची असलेल्या आणि केवळ परिस्थितीवर आधारलेल्या प्रकरणांची अपिले उच्च न्यायालयात स्वतंत्र यादीने पुढे यावीत, ही मागणीही अवाजवी नव्हे.

काही गोष्टी सरकारच्या हातातल्या नाहीत. त्या गावाच्या हातातल्या आहेत. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला येथे विशेष स्थान दिलेले आहे. बाहेरच्या माणसाला शेड किंवा फार्महाऊस भाड्याने देताना लेखी करार व्हावा, वापर कशासाठी ते त्यात नमूद असावे आणि त्याची माहिती ग्रामसभेला असावी, एवढा दंडक गावाने घालून घेतला, तर ‘जाणूनबुजून’ या शब्दाविरुद्ध खातेदाराजवळ काहीतरी पुरावा राहील. आश्रमशाळेतील शिक्षक, तहसील कचेरीतील कारकून आणि जव्हारच्या महाविद्यालयात शिकणारे तरुण यांनी मोफत वकिलाचा हक्क आणि साठ दिवसांची मुदत या दोन गोष्टी पाड्यापाड्यांत पोहोचविल्या, तरी मोठे काम होईल. अर्ज कोठे करावा हे ठाऊक असलेला एक माणूस गावात असणे, ही अशा कुटुंबाच्या दृष्टीने लहान गोष्ट नसते.

दोषी माणसाला शिक्षा झालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो, तो दोषी आहे हे कशावरून, याचे उत्तर दुसऱ्यांदा तपासून पाहण्याचा. नागपूरच्या अबकारी आयुक्तांना ते तपासून मिळाले, पुण्याच्या आरोपीला मिळाले. मोखाड्याच्या राखणदारालाही ते मिळेल, तेव्हाच त्या निकालांतील तत्त्वे सर्वांसाठी सांगितली गेली होती असे म्हणता येईल.